विणून भेट द्यायचीय? मग आधी ती धुणार कोण, ते विचारा

दुसऱ्या कुणासाठी मी विणलेली पहिली वस्तू म्हणजे भाच्याचा स्वेटर. दोन महिने गेले त्यात. गळा तीनदा उसवला, आणि दोन बाह्या एकसारख्या याव्यात म्हणून एकूण चार विणल्या. लोकर मात्र अस्सल, मऊ, गडद निळी. स्वेटर दिला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि तीन आठवड्यांनी ताईचा फोटो आला. बाकीच्या कपड्यांबरोबर तिने तो गरम पाण्यात मशीनला लावला होता. बाहेर आला तो पुठ्ठ्यासारखा घट्ट होऊन, भाच्याच्या खेळण्यातल्या अस्वलाला बसेल एवढा. ताईला इतकं वाईट वाटलं की मलाच तिची समजूत काढावी लागली. खरं तर चूक माझी होती. हा हाताने धुवायचा, हे मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी दीड वर्षाच्या पोरामागे धावणाऱ्या बाईला बादलीत स्वेटर भिजवायला उसंत कुठे होती?

तेव्हापासून कुणासाठी विणायला घेताना रंग आणि नमुना नंतर. ही वस्तू धुणार कोण आणि कशी, हे आधी.

सुलट टाका, उलट टाका, क्रोशाची साखळी, क्रोशाचा खांब हे हात चालताना बघूनच शिकायचं. व्हिडिओ पुरतो, शेजारी बसून दाखवणारं कुणी असेल तर फारच छान. लेखातून टाका शिकवणं म्हणजे फोनवरून सायकल शिकवणं. टाके जमायला लागल्यावर, उत्साहाच्या भरात भेटवस्तू विणायला घेताना जे घोळ होतात, ते टाळण्यासाठी हा लेख.

जवळ काय हवं

- ४ मिमीच्या विणायच्या सुया. जमल्यास तारेने जोडलेल्या, ८० सेंमी लांबीच्या गोल सुया घ्या. त्यांवर सपाटही विणता येतं, आणि विणकामाचं वजन मनगटांवर न येता मांडीवर राहतं.
- ४ मिमीची क्रोशाची सुई. क्रोशा करणार नसाल तरी घ्या, सुटलेले टाके उचलायला लागतेच.
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई
- टेप, कात्री, थोड्या सेफ्टी पिना
- वही आणि पेन्सिल. डोक्यात ओळी मोजणाऱ्यांचं काय होतं ते पुढे येईलच.

सुया बांबूच्या की धातूच्या? सुरुवातीला बांबूच्या. धातूवरून टाके सर्रकन घसरतात, हात बसल्यावर तेच बरं वाटतं, पण पहिल्या महिन्यात रडवतं.

१. माणूस ठरवा, मग वस्तू

चार प्रश्न कागदावर लिहा. हा माणूस अशी वस्तू वापरतो का? धुणं हाताने की मशीनमध्ये? लोकर अंगाला टोचते का? आणि मापं मिळतील का?

पहिला प्रश्न सगळ्यात जास्त टाळला जातो. ज्याने आयुष्यात मफलर घातला नाही, तो तुम्ही विणलाय म्हणून घालायला लागेल असं धरून चालू नका. एकदा घालेल, तुमच्यासमोर. त्याला चष्म्याचं घर किंवा उशीचा अभ्रा द्या.

विणणाऱ्यांमध्ये एक गमतीची समजूत आहे, तिला ‘स्वेटरचा शाप’ म्हणतात. नव्या मित्रासाठी किंवा मैत्रिणीसाठी स्वेटर विणायला घेतला की तो पुरा व्हायच्या आत नातं तुटतं. शापबिप काही नाही. मोठ्या माणसाच्या स्वेटरला महिनोन्‌महिने लागतात, तेवढ्या काळात बरंच काही होऊ शकतं. नव्या ओळखीला टोपी पुरे.

२. सुया की क्रोशा?

दोन सुयांवर विणताना ओळीतले सगळेच टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की जीव खाली-वर. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा, त्यामुळे चुकलं तर तेवढंच ओढायचं आणि पुन्हा सुरू करायचं. नवशिक्याला क्रोशा सोपा जातो तो यामुळे.

पण अंगावर घालायच्या कपड्यासाठी माझं मत सुयांच्या बाजूने आहे. सुयांवरची वीण ताणते आणि परत जागेवर येते. क्रोशाची वीण जाड, तुलनेने ताठ, आणि तेवढ्याच आकाराला लोकरही जास्त खाते. दुलई, पिशवी, खेळणी, टेबलावरचे रुमाल क्रोशाचे, तर टोपी, मोजे, स्वेटर सुयांचे. उलटं करणारे आणि सुरेख करणारे पुष्कळ आहेत, पण ते हा लेख वाचत नसतील.

३. लोकर: इथेच भेट जिंकते किंवा हरते

दुकानात सगळ्यालाच ‘लोकर’ म्हणतात. प्रत्यक्षात ती मेंढीची असेल, ॲक्रिलिक असेल किंवा दोन्हींचं मिश्रण. गुंड्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. ताईच्या मशीनमध्ये झालं ते हेच. ‘सुपरवॉश’ लिहिलेल्या लोकरीचे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात, म्हणून ती बहुधा मशीनमध्ये चालते. चिठ्ठीवरची पाण्याच्या तापमानाची खूण मात्र पाहायचीच. सुपरवॉश ओली झाली की ढिली पडून लांबते. पहिल्यांदा पाहिलं की छातीत धस्स होतं. वाळल्यावर ती बरीचशी जागेवर येते.

ॲक्रिलिक आटत नाही, त्याला कसर लागत नाही, रोजच्या धुण्याला टिकतं. लहान मुलांच्या घरी मी बिनदिक्कत तेच वापरतो. ‘खऱ्या लोकरीची सर नाही’ म्हणणाऱ्यांनी बाळाची दुपटी एकदा धुऊन बघावीत. त्याचे दोष दोन. गरम इस्त्री लागली की वीण कायमची लुळी पडते. आणि ते उष्णतेने वितळतं, म्हणून गरम भांडी धरायचे रुमाल ॲक्रिलिकचे कधीही विणू नका. तिथे सुती दोरा घ्या.

टोचण्याचं म्हणाल तर तो बहुतेकदा तंतूच्या जाडीचा खेळ असतो. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं त्वचेत वाकत नाहीत, रुततात. मेरिनो मेंढीची लोकर २४ मायक्रॉनच्या आतबाहेर किंवा त्याहून बारीक असते, म्हणून ती मऊ लागते. दुकानात सगळे बोटांनी चाचपतात, पण बोटांची कातडी निबर असते. गुंडा मानेला लावून बघा. मफलर तिथेच बसणार आहे.

रंगाच्या दोन गोष्टी. चिठ्ठीवर रंगाच्या क्रमांकाशेजारी रंगवण्याच्या घाण्याचा, म्हणजे डाय लॉटचा, क्रमांक असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. लॉट बदलला की दुकानात सारखा दिसणारा रंग उन्हात अंगावर पट्टा पाडतो. अडलंच तर दोन ओळी जुन्या गुंड्यातून, दोन नव्यातून अशा आलटून पालटून विणा, पट्टा विरून जातो. दुसरं, पहिल्या कामाला काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर नको. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि मोहेरसारखी केसाळ लोकर उसवताना गुंतते ती गुंततेच.

किती लागेल? डीके, म्हणजे ‘डबल निटिंग’ या मध्यम जाडीच्या लोकरीचा ढोबळ अंदाज: मोठ्या माणसाची टोपी ५० ते १०० ग्रॅम, मफलर २०० ग्रॅमच्या आसपास, मोठ्या माणसाचा स्वेटर ४०० ते ६०० ग्रॅम.

४. आकड्यांचे सापळे

सुयांच्या नंबरांनी भल्याभल्यांना फसवलं आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते: १२ नंबर २.७५ मिमी, ८ नंबर ४ मिमी. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलटं, नंबर वाढला की सुई जाड, आणि तिथला ८ नंबर ५ मिमीचा. म्हणजे ‘८ नंबरची सुई’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. मिलिमीटर बघा, बाकी सगळं विसरा.

क्रोशाच्या लिखित नमुन्यांतही हीच रड. ब्रिटिश ‘डबल क्रोशे’ म्हणजे अमेरिकन ‘सिंगल क्रोशे’, आणि ब्रिटिश ‘ट्रेबल’ म्हणजे अमेरिकन ‘डबल’. नमुन्यात ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तर तो अमेरिकन समजा, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. हे न कळल्यामुळे माझी एक पिशवी नमुन्यातल्या फोटोच्या दुप्पट उंच झाली होती. तिच्यात आता सुया ठेवतो.

५. चाचणीचा चौकोन

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळायचो.

ज्या लोकरीची वस्तू करायची तिचाच, त्याच सुयांवर, १५ सेंमीचा चौकोन विणा. तो धुवा, पसरून वाळवा, मग मधल्या १० सेंमीत किती टाके येतात ते मोजा. कडेचे टाके ओढलेले असतात, ते मोजू नका.

त्याने काय साधतं ते टोपीवरून बघा. डोक्याचा घेर ५५ सेंमी आहे. टोपी जरा ताणून बसायला हवी, म्हणून ५ सेंमी कमी, म्हणजे ५० सेंमीची करायची. नमुना सांगतो १० सेंमीत २२ टाके, म्हणून ११० टाके घाला. पण तुमचा हात सैल आहे आणि तुमच्या विणीत १० सेंमीत २० च टाके बसतात. त्याच ११० टाक्यांची टोपी आता ५५ सेंमीची होते आणि डोळ्यांवर घसरते. १० सेंमीत दोन टाक्यांचा फरक, एरवी कुणाच्या नजरेतही न येणारा.

टाके कमी भरले तर अर्ध्या मिलिमीटरने बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करायला जाऊ नका, दहा ओळींनंतर तो आपल्या वळणावर जातोच. आणि दोन सुलट-दोन उलट अशी पट्टी करणार असाल तर टाके चारच्या पटीत हवेत: ११० नव्हे, १०८ किंवा ११२.

६. तारखेचा हिशेब

२० सेंमी रुंद, १६० सेंमी लांब, दोन्ही बाजूंनी सुलट असा साधा मफलर धरा. रुंदीला ४४ टाके. या विणीत १० सेंमीला साधारण ४० ओळी, म्हणजे एकूण ६४० ओळी. ४४ गुणिले ६४०, झाले २८,१६० टाके. नवशिका हात मिनिटाला २० टाके घालतो असं धरलं तरी साडेतेवीस तास. रोज अर्धा तास बसलात तर ४७ दिवस.

वाढदिवसाच्या दहा दिवस आधी मफलर सुरू करणाऱ्याने हा हिशेब वाचावा आणि टोपीकडे वळावं. घरात एकाला विणून दिलं की बाकीचेही रांगेत उभे राहतात, त्यामुळे एका वर्षात किती जणांना देणार हेही आधीच ठरवा. माझा आकडा चार आहे. पाचव्याला पुढच्या वर्षीचा नंबर.

७. पहिली भेट कोणती

मफलर विणायचा तर दोन्ही बाजूंनी सुलट किंवा पट्टीची वीण घ्या. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी गुळगुळीत वीण मोहात पाडते, पण तिच्या कडा आत वळतात आणि मफलरची सुरळी होते. सुलट आणि उलट टाक्याचा ताण सारखा नसतो म्हणून हे होतं. धुऊन, टाचून, दाबून काही उपयोग नाही, पुन्हा वळतातच.

पण माझा सल्ला टोपीचाच. मोजकी लोकर, एकाच आठवड्यात होते, आणि माप चुकलं तर घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात बसतेच. टाके घालताना एक-दोन माप जाड सुई वापरा, नाहीतर कपाळाला करकचून बसते.

क्रोशावाल्यांसाठी गोल बैठकी उत्तम. सिंगल क्रोशेच्या सपाट गोलाचं गणित सहाचं: पहिल्या फेरीत ६ टाके, मग १२, १८, २४, दर फेरीला ६ वाढवायचे. कडा वाटीसारख्या वर यायला लागल्या तर वाढ कमी पडतेय, झालर पडायला लागली तर जास्त होतेय. खांबांचा, म्हणजे अमेरिकन ‘डबल’चा, गोल असेल तर दर फेरीला १२. हे जमलं की क्रोशाच्या छोट्या बाहुल्या, ज्यांना जपानीत ‘अमिगुरुमी’ म्हणतात, त्याही जमतील. त्या म्हणजे असेच वाढवत नेलेले आणि नंतर घटवत आणलेले गोल.

८. विणताना

प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजा, निदान पहिले काही दिवस. ४४ चे ४७ झाले तर कुठेतरी धागा चुकून सुईवर पडलाय, आणि ते ओळभर मागे सापडतं, वीतभर मागे सापडत नाही. ओळींची नोंद वहीत रेघा मारून. फोन वाजला, दार वाजलं की डोक्यातला आकडा गेलाच.

टाका सुटला तर ओढाताण करू नका. आधी त्यात सेफ्टी पिन घालून ठेवा, म्हणजे आणखी खाली जाणार नाही. विणकाम सपाट मांडीवर पसरा. सुटलेल्या टाक्याच्या वर धाग्याच्या आडव्या पायऱ्यांची शिडी दिसेल. सुलट बाजूने क्रोशाची सुई टाक्यात समोरून घाला, सगळ्यात खालची पायरी पकडा आणि टाक्यातून बाहेर ओढा. झाली एक ओळ. तसंच वर चढत सुईपर्यंत या आणि टाका पिळ न देता सुईवर ठेवा.

नक्षी अवघड असेल तर दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून पार करून ठेवा. पुढे चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवायचं, खालचं सुरक्षित राहतं. भाच्याच्या गळ्याच्या वेळी हे माहीत असतं तर निदान एक आठवडा वाचला असता.

९. तान्ह्या बाळांसाठी

इथे हौसेला लगाम घाला. गळ्याशी बांधायच्या दोऱ्या, लोंबते गोंडे, सैल बटणं नकोत. जाळीदार विणीच्या भोकांत इवली बोटं अडकतात. मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटा धागा राहिला तर तो बोटाला गुंडाळून रक्त अडवू शकतो, म्हणून आतली बाजू उलटी करून बोटाने चाचपून बघा. बाळ झोपताना डोक्यावर टोपी ठेवायची नसते, हे टोपी देतानाच सांगा. खेळण्यांना प्लास्टिकचे डोळे न लावता ते दोऱ्याने भरतकाम करून काढा.

१०. शेवट घाईत उरकू नका

टाके बंद करताना हात आपोआप आवळतो. एक माप जाड सुई घेऊन बंद करा. धाग्याची टोकं १५ सेंमी ठेवा आणि बोथट सुईने उलट बाजूच्या टाक्यांत एकदा एका दिशेने, मग वळून दुसऱ्या दिशेने दडवा. गाठ मारून कापून टाकलेलं टोक चौथ्या धुण्याला बाहेर डोकावतं.

मग कोमट पाण्यात लोकरीसाठीचा सौम्य साबण घालून १५-२० मिनिटं भिजवा. चोळायचं नाही, पिळायचं नाही. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा, पाणी निघतं. सपाट जागी मापाला पसरवा, कडांना पिना लावा, वाळू द्या. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्या वजनानेच गुडघ्यापर्यंत येतो. वेडेवाकडे दिसणारे टाके या एका भिजवण्यात इतके सारखे होतात की आधी का नाही केलं असं वाटतं.

११. हातात देताना

लोकरीच्या गुंड्यावरची चिठ्ठी जपून ठेवलीत ना? तिच्यावरच्या धुण्याच्या खुणा स्वतःच्या अक्षरात, साध्या शब्दांत एका कार्डावर लिहा: ‘थंड पाणी, हाताने, पसरून वाळवायचं’ किंवा ‘मशीन चालेल, इस्त्री नको’. सोबत त्याच लोकरीची चार-पाच मीटर लडी आणि एक जास्तीचं बटण. मेंढीची लोकर असेल तर आणखी एक ओळ: ठेवून देण्याआधी धुवून, पूर्ण वाळवून बंद पिशवीत ठेव. कसरीचा पतंग लोकर खात नाही, खातात त्याच्या अळ्या, आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेला कपडा त्यांना आधी सापडतो.

आणि तोंडाने सांगा की भोक पडलं तर टाकून देऊ नकोस, माझ्याकडे आण. कोपर विरलेला स्वेटर त्या चार मीटर लोकरीत तासाभरात दुरुस्त होतो.